बूट कुठला ते नंतर, आधी डोंगर कुठला ते सांगा

मागच्या अंकात शेवटी सहज एक ओळ टाकली होती की बुटांबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा, आणि तुम्ही अक्षरशः ढीग पाठवलात. त्यातले निम्मे प्रश्न एकाच साच्यातले, "दादा एखादा चांगला ट्रेकिंगचा बूट सुचवा", बस्स एवढंच. कुठे जाणार, कुठल्या महिन्यात, पाठीवर वजन किती, पाय रुंद की अरुंद, काहीच नाही. अहो, लग्नाला जायचंय की नांगरटीला ते न सांगता पायात काय घालू विचारल्यासारखं झालं हे. ज्यांनी नीट सगळं लिहिलंय त्यांची उत्तरं खाली देतोय, बाकीच्यांनी त्यात आपला डोंगर कुठे सापडतो बघा.

प्रश्न : दादा नमस्कार. गेल्या जुलैत भीमाशंकरला गणेश घाटाने गेलो होतो, त्यासाठी खास साडेनऊ हजारांचे वॉटरप्रूफ बूट घेतले. पहिल्याच ओढ्यात दोन्ही बूट भरले आणि मग दिवसभर पचपच पचपच. घरी येऊन मोजे काढले तर तळवे पांढरे फटक, टाचेला फोड. वर शेवाळावर दोनदा आपटले ते वेगळंच. दुकानदाराने फसवलं का मला? (बदलापूर)

उत्तर : फसवलं नाही हो ताई, वॉटरप्रूफच दिलाय त्याने, फक्त वॉटरप्रूफ म्हणजे काय ते सांगितलं नाही. कापडातून पाणी आत येणार नाही हे खरं, पण घोट्याच्या वर ते भलंमोठं भोक आहे ना, जिथून आपण पाय घालतो, तिथून येणाऱ्या पाण्याचं काय करायचं. गुडघाभर ओढ्यात उतरलात की बूट वरून भरणार, पँटवरून ओघळून येणारं पाणी मोज्यातून झिरपत आत जाणार, आणि एकदा आत गेलं की जे अस्तर बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही तेच आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे पायाला बांधलेल्या दोन बादल्या. ते गोरटेक्स वगैरे अस्तर जे असतं त्याचं काम घामाची वाफ बाहेर टाकायचं, पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा कोरडी तरी पाहिजे, आपल्याकडे जुलैत घाटात हवाच ओल्या फडक्यासारखी असते, जाणार कुठे ती वाफ. हेच बूट तुम्ही डिसेंबरात केदारकांठाच्या बर्फात घालून जा, दुकानदाराला दुवा द्याल. तेव्हा विकू नका, ठेवा.

पावसाळी सह्याद्रीसाठी उलटा विचार करायचा. पाय ओला होणार हे धरूनच चालायचं आणि बूट असा घ्यायचा की पाणी आलं तसं गेलं पाहिजे, म्हणजे जाळीचा, हलका, आत फोमची गादी कमी असलेला. घरी एक प्रयोग करा, बुटात तांब्याभर पाणी ओता, उपडा करा, पायात घाला आणि गच्चीवर दहा मिनिटं चाला. दहा मिनिटांनी पचपच थांबली पाहिजे. नाही थांबली तर तो बूट पावसाचा नाही, लेबलवर काहीही लिहिलेलं असो. मोजे सुती नकोत, पातळ लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या, निघताना तळव्याला आणि टाचेला व्हॅसलीन चोपडा, आणि मुक्कामाचा ट्रेक असेल तर एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फक्त झोपताना घालायचा, सकाळी परत तेच ओले मोजे. सकाळी ओला मोजा चढवताना जीवावर येतं, पण पाचव्या मिनिटाला विसरायला होतं.

आता शेवाळ. शेवाळावर धरून राहणारा सोल अजून कुणी केलेला नाही, कुणी सांगत असेल तर त्यालाच पुढे चालायला सांगा. पण ओल्या कातळावर मात्र सोला-सोलात जमीनअस्मानाचा फरक असतो. खोल खोल खाचांचा दणकट दिसणारा सोल चिखलात आणि मुरमाच्या घसाऱ्यात मस्त रुततो, पण कातळावर त्याचं फक्त टोका-टोकाचं रबर टेकतं, बाकी सगळी हवा. कातळाला मऊ रबर आणि जास्तीत जास्त रबर टेकलेलं पाहिजे. दुकानात सोलावर अंगठ्याचं नख दाबून बघा, नख थोडं रुतलं पाहिजे, काचेवर दाबल्यासारखं लागलं तर परत ठेवून द्या. मऊ रबर लवकर झिजतं, ते सोसायचं. म्हणून तर आपल्याकडे ते अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज वर्षानुवर्षं चाललेत, दिसायला काही नाही, दोन-तीन सीझनमध्ये जीव सोडतात, पण कातळाला चिकटतात. आणि गावातले मामा स्लीपरवर नाहीतर टायरच्या चपलेवर आपल्या पुढे पळतात त्याचं उत्तर चपलेत नाही बरं का, ते पाय कुठे टाकतात त्याच्यात आहे. पुढच्या वेळी मामांच्या चपलेकडे न बघता पावलाकडे बघा, ते शेवाळाच्या मधोमध कधीच पाय देत नाहीत, कडेच्या गवताच्या बुडख्यात देतात आणि पूर्ण पाऊल एकदम टेकवतात, टाच आधी नाही.

रबराचा विषय निघालाच आहे तर, बुटाखाली तो पिवळा अष्टकोनी शिक्का असतो ना व्हिब्रामचा, ते नाव विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाच्या नावातून आलंय. १९३५ मध्ये पुंता रासिका या शिखरावर त्याचे सहा साथीदार गेले, थंडीत आणि वादळात, पायात धड बूट नव्हते. तेव्हा चालायला खिळे ठोकलेले जड बूट आणि कातळ चढायला पातळ तळव्याचे बूट अशी पद्धत होती, आणि त्या पातळ बुटांवर थंडीत अडकलं की संपलं. दोन्हीचं काम एकाच तळव्याने व्हावं म्हणून त्याने टायरवाल्या पिरेलीच्या मदतीने रबरी सोल काढला, १९३७ मध्ये पेटंट घेतलं, आणि १९५४ मध्ये के-टू शिखरावर पहिल्यांदा माणसं पोचली ती याच सोलावर. मात्र शिक्का आहे म्हणजे रबर मऊच असेल असं नाही, तीच कंपनी वेगवेगळ्या कामासाठी वेगवेगळं रबर करते. नखाची परीक्षा तिथेही घ्यायची.

प्रश्न : दादा मी नाशिकचा, एस.वाय.ला आहे. मेमध्ये उत्तरकाशीला गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला नंबर लागलाय. मला असा एकच बूट घ्यायचाय जो आपल्याकडच्या हरिहर, अलंग-मदन-कुलंगपासून कोर्सपर्यंत आणि पुढे सहा हजार मीटरच्या शिखरापर्यंत चालेल. एक २८ हजारांचा बघून ठेवलाय, आई पैसे द्यायला तयार आहे. घेऊ का? (नाशिक)

उत्तर : आईला सांग पैसे परत डब्यात ठेव. आधी अभिनंदन रे, नंबर लागायला किती थांबावं लागतं माहितीये मला.

असा एकच बूट नसतो. का नसतो ते नीट समजून घे म्हणजे आयुष्यभर उपयोगी पडेल. गिर्यारोहणाचे बूट ते किती कडक आहेत त्यावरून ओळखतात, बी-शून्य ते बी-तीन. बूट हातात घे, एका हाताने टाच, एका हाताने चवडा धर आणि दुमडून बघ. पोळीसारखा दुमडला तर बी-शून्य, आपले सगळे सह्याद्रीतले बूट हेच. जोर लावल्यावर थोडा वाकला तर बी-एक, हिमालयातल्या पासांसाठी म्हणजे उंच खिंडींसाठी, कधीमधी बर्फ लागणार असेल तर. जवळजवळ वाकतच नाही आणि टाचेमागे प्लास्टिकची एक कड बाहेर आलीये, तो बी-दोन. आणि अजिबात वाकत नाही, फळीच, पुढे चवड्याला पण कड आणि मागे टाचेला पण, तो बी-तीन. या कडा शोभेच्या नसतात, त्यात क्रॅम्पॉन अडकतात, म्हणजे बर्फावर पाय धरून राहावा म्हणून बुटाखाली लावायचे लोखंडी दात. क्रॅम्पॉनचेही तसेच प्रकार, सी-एक म्हणजे नुसत्या पट्ट्यांनी बांधायचा, सी-दोन पुढे पट्टा आणि मागे खटका, सी-तीन पुढे तारेची कडी आणि मागे खटका. मऊ बुटावर कडक क्रॅम्पॉन लावला की पाऊल वाकतं, लोखंड वाकत नाही, आणि नेमका अडचणीच्या जागी तो निसटतो नाहीतर मोडतो. कडक बुटावर साधा क्रॅम्पॉन चालतो, उलटं चालत नाही, एवढं लक्षात ठेवलंस तरी पुरे.

आता तो २८ हजारांचा बूट, तू फोटोचं वर्णन केलंयस त्यावरून बी-दोन वाटतो. तो घालून तू हरिहरच्या पायऱ्या चढलास ना तर पायाखाली पाट बांधून चालल्यासारखं होईल, कातळाचा काही अंदाजच लागत नाही, टाच सोलते आणि वजन वेगळंच. पायातलं एक किलो म्हणजे पाठीवरचं पाच किलो असं जुने लोक म्हणतात ते उगाच नाही. आणि आपला बेसॉल्ट त्या महागड्या सोलाची दोन वर्षांत किसणी करेल.

कोर्सला बर्फातले बूट, क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स सगळं संस्थेच्या स्टोअरमधून मिळतं, ते तुला घ्यायचंच नाहीये. तुला लागणार आहे तो टेखल्याच्या रॉक क्लाइंबिंगच्या जागेपर्यंत रोज चालत जायला-यायला आणि नंतर पाठीवर ओझं घेऊन वर बेस कॅम्पकडे जायला. त्याला घोट्यापर्यंतचा, जरा भक्कम बी-शून्य बस्स झाला, पाच-सहा हजारांत मिळतो. पण तो आत्ता घे, मार्चअखेर नको. दोन महिने सॅकमध्ये बारा-पंधरा किलो भरून (पाण्याच्या बाटल्या भरायच्या, वर पोचल्यावर ओतून द्यायच्या, गुडघ्यांवर दया) ब्रह्मगिरी, अंजनेरी, जे जवळ असेल ते कर. नवा बूट घालून कोर्सला आलेली पोरं मी बघितलीयेत, तिसऱ्या दिवशी सगळे पी.टी. करतात आणि ही पडवीत पाय पसरून फोडांना सुई टोचत बसलेली.

आणि स्टोअरमधून बूट देतात तो दिवस फार महत्त्वाचा. त्या दिवशी तुझे जाड लोकरीचे मोजे खिशात घेऊनच लाइनीत उभा राहा. आतला नरम बूट आणि वरचं कडक कवच असा प्रकार (डबल बूट) असेल तर आधी आतला एकटा घालून बघ, मग कवचासकट, टाच मागे ठोकून बसव, लेस बांध आणि जमिनीवर पुढच्या टोकाने दोन-तीन लाथा मार. बोटं पुढे आपटली तर सरळ परत दे, मोठा माग. मागच्या पोराची घाई, स्टोअरवाल्या उस्तादांचा चेहरा, काही बघायचं नाही. मी लाजेने एक नंबर लहान घेऊन आलो होतो माझ्या वेळी, परतल्यावर दोन महिने एका अंगठ्याला शुद्ध नव्हती. कवचाच्या बुटाने नडगी सोलते ते मात्र सगळ्यांचंच, पहिल्या दिवसापासूनच तिथे चिकटपट्टी लाव, सोलल्यावर नाही.

उरलेल्या पैशांत चांगले लोकरीचे मोजे तीन जोड आणि एक बरी हेडटॉर्च घे. सहा हजारी शिखर ठरेल तेव्हा बूट भाड्याने मिळतात, त्याचं खाली आलंय.

प्रश्न : सर, सहा वर्षांपूर्वी चांगल्या कंपनीचे बूट घेतले होते, जेमतेम चार ट्रेक झाले असतील, मग खोक्यात घालून कपाटात. डिसेंबरात राजगडाला काढले. चोर दरवाजाच्या अलीकडे डावा सोल उघडला आणि संजीवनी माचीवर पोचेपर्यंत उजवाही, आतून बिस्किटाचा चुरा पडावा तसा भुगा पडत होता. दुकानदार म्हणतो उन्हात ठेवले असणार. शपथेवर सांगतो, खोक्यातच होते. (सोलापूर)

उत्तर : शपथ कशाला घेता, खोक्यात होते म्हणूनच गेले.

वरचा बूट आणि खालचं रबर यांच्या मध्ये जो फोमचा थर असतो तो बऱ्याच बुटांत पॉलियुरेथेनचा असतो, पीयू म्हणतात. चालायला फार छान, धक्के पचवतो, पटकन दबत नाही, पण त्याचं हवेतल्या ओलाव्याशी वैर आहे. ओलावा हळूहळू त्याच्या आतली रासायनिक साखळी तोडत जातो, बूट वापरा नाहीतर ठेवा. उलट वापरातला बूट दाबला-सुटला जातो, त्याला हवा लागते, तो जरा जास्त जगतो, आणि खोक्यात बंद केलेला आतल्या आत मरतो. बाहेरून नवाकोरा, आतून माती. साधारण पाच-सात वर्षांनी हे होतंच, मुंबई-कोकणातल्या दमट हवेत त्याच्याही आधी, तुमच्या सोलापुरात सहा वर्षं काढली म्हणजे त्याने बऱ्यापैकी निभावलं म्हणायचं. दुसरा एक फोम असतो, ईव्हीए, तो असा भुगा होत नाही पण दबून चपटा होतो. प्रत्येकाचं मरण वेगळं.

मी स्वतः भोगलंय हे. रतनगड ते हरिश्चंद्रगड करत होतो, कात्राबाईच्या खिंडीतून उतरताना उजव्या पायाखाली काहीतरी मऊ लागायला लागलं, मला वाटलं शेण. बघतो तर सोल जिभेसारखा लोंबतोय. माझ्याकडे दोरी नाही, टेप नाही, वीस वर्षं डोंगरात जाणारा माणूस आणि खिशात फक्त रुमाल! बरोबरच्या वाटाड्या मामांनी न बोलता कमरेची गवताचे भारे बांधायची दोरी सोडली, बुटाला चार वेढे दिले, वर अशी गाठ मारली की कुमशेतपर्यंत हलली नाही. तिथे त्यांच्या पोराची स्लीपर मिळाली, माझ्या मापापेक्षा दोन नंबर लहान, टाच मागे बाहेर, तसाच पाचनईने हरिश्चंद्रगड चढलो. तेव्हापासून पाण्याच्या बाटलीला हातभर रुंद टेप गुंडाळलेली असते, सॅकच्या टोपणात दोन मीटर दोरी आणि इलेक्ट्रिशियन वापरतात तसले पाच-सहा केबल टाय. काही वजन होत नाही.

दुरुस्तीचं विचाराल तर, भुगा झाला असेल तर गोंद लावून उपयोग नाही, गोंद भुग्याला चिकटणार आणि भुगा कशालाच नाही. फोम शाबूत आहे आणि फक्त रबर सुटलंय असं असेल तर मोचीकाकांकडून चांगला चिकटवून कडेने शिलाई मारून घ्या, वर्षभर निघतं आरामात. शिलाईच्या भोकांतून पाणी येणार, तेवढं चालवून घ्यायचं. आणि यापुढे कपाटातून जुना बूट काढलात की ट्रेकच्या पंधरा दिवस आधी काढा, मधल्या फोमवर अंगठा दाबा, चिरा दिसतायत का बघा, हाताने वीस वेळा दुमडा, मग दोन दिवस तोच घालून भाजी आणायला जा. फाटायचा असेल तर मंडईत फाटू दे. आणि ओले बूट चुलीपाशी वाळवू नका कुणी, कातडं तडकतं आणि गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे, सावलीत.

प्रश्न : नमस्कार भाऊ. माझं वय ५८, बँकेतून रिटायर झाले. ऑक्टोबरात आम्ही चौघी मैत्रिणी एव्हरेस्ट बेस कॅम्पला जातोय. सरावाला कळसूबाई केलं, चढताना काही नाही, पण उतरून बारीत येईपर्यंत दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी, एक तर नंतर गळूनच गेलं. बूट माझ्या नेहमीच्याच मापाचा आहे. मोठा घातला तर पाय आत हलतो. काय करावं? (सांगली)

उत्तर : ताई, चौघींना सलाम. आणि घोटाळा तुमच्या पत्रातच आहे, "नेहमीचंच माप".

उतरताना पाऊल बुटात पुढे सरकतं आणि प्रत्येक पावलाला अंगठा पुढच्या भिंतीवर आपटतो. कळसूबाई १६४६ मीटर, उतार एका दिवसाचा. बेस कॅम्पला ५३६४ मीटरवरून तुम्ही सलग तीन-चार दिवस उतरणार आहात, तेव्हा हे आत्ताच कळलं ते बरं झालं. असं करा, बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून काम केल्यावर पाय थोडे सुजलेले असतात, डोंगरात ते तसेच होणार आहेत. ट्रेकला घालणार तेच मोजे बरोबर न्या, दुकानातल्या त्या पारदर्शक पायमोज्यांवर माप घेऊ नका. बुटाच्या आतली गादी बाहेर काढा आणि तिच्यावर उभ्या राहा, सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे, आणि कडेने करंगळीचं मांस बाहेर ओघळता कामा नये. बऱ्याच जणांचा एक पाय मोठा असतो, माप मोठ्याचं. मग बूट घालून लेस बांधून दुकानाचा जिना उतरा, एकदा नाही, दहा वेळा, दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे, पुढचे पंधरा दिवस त्याला नाही चालायचंय.

आपल्या पायाची एक गंमत आहे, जन्मभर चपलेत आणि अनवाणी वावरल्यामुळे आपला चवडा पसरट असतो, त्यात वयाबरोबर पाऊल अजून पसरतं. युरोपातल्या बऱ्याच कंपन्यांचे साचे पुढे निमुळते. मग लोक रुंदी मिळावी म्हणून लांबी वाढवतात आणि तुम्ही म्हणता तसा पाय आत हलतो. त्याऐवजी रुंद साच्याचा बूट मागा, काही कंपन्या देतात, आणि बायकांच्या मापात चवडा दबत असेल तर पुरुषांच्या मापातला घालून बघा, त्यात काही कमीपणा नाही. टाच ढिली वाटली तर लेस बांधायची पद्धत बदला. घोट्याच्या वळणापर्यंत लेस बेताची घट्ट आणा, तिथे एकाऐवजी दोनदा पीळ द्या म्हणजे खालची लेस सुटत नाही, मग वरच्या आकड्यांत नेहमीसारखं खालून वर न जाता वरून खाली अडकवा. टाच खुर्चीत बसवल्यासारखी मागे बसते. चढताना वरचे आकडे ढिले ठेवायचे, उतार लागायच्या आधी थांबून परत घट्ट करायचे. हे थांबणं कुणीच करत नाही, आणि नखं सगळ्यांची जातात.

ट्रेकला निघायच्या तीन-चार दिवस आधी नखं सरळ कापा, निघायच्या दिवशी नको. बूट तुम्हाला फार कडक नको, घोट्यापर्यंतचा हलका वॉटरप्रूफ चालेल, ती वाट मळलेली आहे, क्रॅम्पॉनचे बूट तिथे उगाच ओझं. आणि हे नक्की करा, विमानात बूट पायात घालूनच बसा. लुक्लाच्या (जिथून ट्रेक सुरू होतो ते गाव) विमानांत सामान मागे राहतं कधीकधी, जॅकेट भाड्याने मिळेल, तुमच्या पायाला रुळलेला बूट पुढे नामचेच्या बाजारात नाही मिळणार.

प्रश्न : दादा, पुढच्या एप्रिलमध्ये आयलंड पीक (नेपाळातलं सहा हजारी शिखर) करायचं ठरलंय. डबल बूट विकत घेऊ की नेपाळात भाड्याने? माझे पाय खूप लवकर गार पडतात त्यामुळे तीन मोजे घालायचं डोक्यात आहे. (बेंगळुरू)

उत्तर : तीन मोजे घातलेस की पाय अजून गार पडतील. पाय गरम ठेवतं ते रक्त, मोजा फक्त ती ऊब धरून ठेवतो. बुटात मोजे कोंबले की रक्त पोचत नाही, मधली हवा दबून जाते, आणि हिमदंशाची सुरुवात अशीच घट्ट बुटात होते. एक पातळ, त्यावर एक जाड लोकरीचा, आणि बोटं आत हलली पाहिजेत, हलत नसतील तर बूट लहान आहे. चालताना अधूनमधून बोटं हलवत राहायचं, आणि पाय दुखायचा थांबून एकदम "बरं" वाटायला लागला, काही कळेनासं झालं, तर ते बरं नाही, तेव्हाच थांबायचं आणि सांगायचं.

एकाच शिखरासाठी विकत घेऊ नकोस. काठमांडूत थामेलमध्ये भाड्याने मिळतात, वर शिखराच्या वाटेवरच्या चुखुंग गावातही मिळतात, पण चुखुंगवर भिस्त ठेवू नको, तिथे सीझनला जे उरलं असेल ते. थामेलमध्ये अर्धा दिवस घाल. आतला बूट बाहेर काढून हात घालून बघ, दबून कागद झालाय का, शिवण उसवलीये का. मधला फोम दाबून बघ, वर सोलापूरकरांचं वाचलंस ना, भाड्याचे जुने बूट त्याच रोगाने मरतात, आणि तिथे ते सहा हजारांवर मरतील. क्रॅम्पॉन त्याच दुकानातून घे आणि तिथेच बुटाला लाव, पट्टे न बांधता बूट उचलून जोरात झटक, पडला नाही पाहिजे. गेटर (बुटात बर्फ शिरू नये म्हणून नडगीवर बांधायचं कापड) पण लावून बघ.

रात्रीची गोष्ट एक लक्षात ठेव. २८ मे १९५३ च्या रात्री एव्हरेस्टच्या शेवटच्या कॅम्पात हिलरीने बूट काढून ठेवले, तेनसिंगने पायातच ठेवले. पहाटे हिलरीचे बूट दगडासारखे गोठलेले. जगातल्या सगळ्यात मोठ्या चढाईच्या दिवशी सकाळी तो माणूस प्रायमस स्टोव्हवर बूट शेकत बसला होता, साडेसहाला निघाले ते दोघं. तुझे डबल बूट आहेत, आतला बूट काढून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घे, त्यासोबत उद्याचे मोजे. वास येईल, येऊ दे. बाहेरच्या कवचाचं तोंड उघडं ठेवून झोप, मिटलेलं गोठलं तर रात्री एक वाजता, हातमोजे घालून, ते उघडताना तू काय काय म्हणशील ते छापता येणार नाही.

थोडक्यात :

कळसूबाईला साधे स्पोर्ट शूज चालतील का, असं तिघांनी विचारलंय. हिवाळ्यात चालतील, फक्त तळवा गुळगुळीत झालेला नको. जिमसाठीचे पांढऱ्या सपाट तळव्याचे नकोत.

आंबोलीत जळवा बुटात शिरतात (पुण्याहून). शिरणारच. पँट मोज्यात खोचा, मोज्यावर तंबाखूचं पाणी किंवा मीठ चोळा, ओल्यात ते धुऊन जातं म्हणून परत परत.

लिंगाण्याला कुठले बूट, हे विचारणाऱ्या महाडच्या मित्राला, बोराट्याच्या नाळेतून घसाऱ्यात चालायला वेगळा आणि कातळटप्प्यांना क्लाइंबिंग शूज वेगळा. तो घट्टच असतो, पण आईग्ग म्हणण्याइतका घट्ट घेऊ नकोस, दिवसभर घालायचाय.

आणि चिंचवडच्या ताई, सात वर्षांच्या मुलीला पहिल्या ट्रेकसाठी चार हजारांचे बूट घेऊ नका, सहा महिन्यांत पाय मोठा होतो. माझ्या लेकीने पहिला राजगड शाळेच्या पांढऱ्या कॅनव्हासमध्ये केला, काही झालं नाही. सोमवारी पी.टी.ला बुटांचा रंग बघून बाईंनी विचारलं हे काय, तर म्हणाली बाई ही गुंजवण्याची माती आहे, आणि एक तास वर्गाबाहेर उभी राहिली.